हत्तीच्या गळ्यातली कोरी घंटा

आई, गेल्या चैत्रात मी निलंग्याला एका लग्नाला गेले होते आणि तिथल्या एका जुन्या देवडीत मला बाबांचे हत्ती सापडले. ते पाहून माझी तीस वर्षांची एक समजूत मोडली, आणि ती मोडल्यामुळे पुढे माझ्या हातून एक काम असं झालं की तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न आहेच, तो शेवटी पाहू. सगळं क्रमाने सांगते. क्रम चुकला की मी मधेच रंग भरायला लागते, आणि नेमकी तीच माझी खोड आहे.

आधी लातूर. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. लग्नघराच्या दाराशी दोन्ही बाजूंना हत्ती, वर पोपट, मधून वेल, असं चितारायचं काम ते करत आणि तू रंग वाटायचीस. ते गेल्यावर गावात दुसरा चितारी उरला नाही आणि आपल्याला दुसरं काम नव्हतं. लग्नघरं मोठ्या पेचात पडली. विधवेचा हात शुभकार्याला नको, आणि हत्ती तर आपल्याच घरचे हवेत. तो पेच तूच सोडवलास. देवक बसायच्या चार दिवस आधी मागच्या दाराने जायचं, दिवेलागणीच्या आत मागच्याच दाराने निघायचं. आणि हत्तीच्या गळ्यातली घंटा कोरी ठेवायची, पांढऱ्या चुन्याचा पुरीएवढा गोल. दुसऱ्या दिवशी घरची सवाष्ण त्या गोलात कुंकवाचं बोट टेकवणार, मग हत्ती पुरे झाले असं धरायचं. कुणी नवीन माणसाने विचारलं तर तू म्हणायचीस, "रीत हाय." सगळ्या लातुरात ती रीत होती. तुझ्या हत्तींचे रंग वर्षानुवर्षं टिकत, कुंकवाचा तो ठिपका पहिल्याच उन्हाळ्यात पुसट होई. मला मात्र तो कोरा गोल दिसला की चीड यायची. एवढं सगळं तू करायचं आणि शेवटचा ठिपका ज्या बाईला साधी रेघ ओढता येत नाही तिने लावायचा.

आता मी तेरा वर्षांची आहे. गंज बाजारातल्या एका आडत्याचं घर, त्यांच्या मुलीचं लग्न. गवंड्याने पहाटे भिंतीला ताजा चुना लावलाय आणि तू गुडघ्यावर बसून पहिली रेघ ओढते आहेस. गेरू, पिवडी, काजळी, थोडी नीळ. रंगात डिंक घालायचा नाही, कारण ओला चुनाच रंग धरून ठेवतो. सुकला की रंग भिंतीचा भाग होऊन बसतो, पाण्याने धुतला तरी हलत नाही. पण हे सगळं भिंत ओली आहे तोवरच. तू घाई करत नाहीस आणि थांबतही नाहीस. दुपार कलते तेव्हा दोन्ही हत्ती एकमेकांकडे सोंडा उचलून उभे आहेत. तू दोन पावलं मागे येतेस, मान तिरकी करतेस, आणि ब्रश पाण्यात टाकतेस. "झालं," म्हणतेस, आणि वाट्या धुवायला परसातल्या आडावर जातेस.

मी भिंतीपुढे एकटी आहे. वाटीत पिवडी उरलेली आहे. मी घंटा भरली.

रागानेच भरली, हे मला पक्कं आठवतं. त्यानंतर जे केलं ते रागाने नव्हतं. घंटा पिवळीजर्द झाली आणि तिच्या शेजारी कान फिका वाटू लागला, म्हणून कानाला गेरूची किनार दिली. मग पायांतले तोडे सुने दिसले. मग सोंडेवर फुलं. दुसऱ्या हत्तीलाही तेच करायला हवं होतं, ते केलं. तू परत आलीस तेव्हा मी पोपटाची चोच सुधारत होते. बोटाने कानाची किनार हलकेच चाचपलीस, बोटावर गेरू आला. आडत्याच्या बायकोला दारातूनच म्हणालीस, "आक्का, भिंतीला कुनाला टेकू देऊ नका तेवढं." आणि आपण मागच्या दाराने निघालो.

लग्नघरात भिंतीला टेकायचं नाही असं कोण कुणाला सांगणार? नवरदेवाचे मामा, पांढरीशुभ्र शेरवानी घालून आलेले, जेवण झाल्यावर पान चघळत नेमके डाव्या हत्तीला पाठ लावून बसले. उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर पिवळी घंटा होती आणि खांद्याला गेरूचा अर्धा कान. वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मामांनी शेरवानी उतरवून पाहिली आणि एकदम आवाज चढवला. मुलीकडच्यांनी मुद्दाम केलं, हा आमचा अपमान आहे, आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा. आडते घामाघूम झाले. तुला बोलावणं गेलं. घरी येऊन तो माणूस एवढंच म्हणाला, "चला, तुमच्या हत्तीनं घात केला." वाटभर तू माझा हात असा धरला होतास की बोटं दुखत होती. मला कळत होतं की आज हे बिघडलं तर पुढच्या हंगामात एकही दार आपल्याला उघडणार नाही.

तू परसाच्या दारात, चौकटीच्या अलीकडे उभी राहिलीस. पदर पुढे ओढलेला. आडते म्हणाले, "बोल की आता बाई, काय करून ठेवलंस हे?" तू मामांकडे न बघता, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालीस, "मामासाहेब, हत्तीनं आपली घंटा काढून तुमच्या पाठीवर बांधली. त्याला बी कळतंय. आता भाच्याच्या संसारात शिरायच्या आधी तुमाला वाजवून यावं लागतंय."

आधी नवरीची आजी हसली. तिच्यामागे बायकांचा सगळा घोळका. मग नवरदेवाची आई, म्हणजे मामांची सख्खी बहीण, तोंडात पदर कोंबून हसायला लागली. आणि अखेर मामाच! "बोलती लई ही बाई," म्हणाले आणि शेरवानी झटकून पुन्हा अंगात घातली, घंटेसकट. आडत्यांनी तुला मागच्या दाराने वाढून दिलं आणि बजावलं, "धाकटीच्या लग्नाला तूच ये. पोरीला आणू नको."

बायकांच्या घोळक्यात तहसीलदारांची बेगम बसली होती, चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड. तिने तुला जवळ बोलावलं. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "हाथी किन्ने बिगाड्या?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. ती मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "इसकू मदरसे में डालो. हाथी बिगाडने से हरफ़ बिगाडना अच्छा है." हरफ़ म्हणजे अक्षरं. हैदराबादच्या जनाना शाळेत, तिथल्या बोर्डिंगात, माझी सोय तिनेच केली. म्हणजे माझं शिक्षण, कॉलेज, नोकरी, सगळं त्या शेरवानीवरच्या डागातून निघालेलं आहे. हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मी गंमत करते.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस. मी माराची वाट पाहत कोपऱ्यात उभी होते.

"भिंतीला इचारलंस का?" तू पाठमोरीच म्हणालीस.

"काय?"

"अजून पायजे का म्हनून. पहाटं भिंत घटाघटा पिती. दुपारपत्तर चाखत चाखत घेती. मग तोंड मिटती. मिटल्या तोंडात घास कोंबला की बाहीर येतो. मामाच्या पाठीवर आला."

"त्यांनी तुझा हात नको म्हटलं म्हणून मी घंटा..."

"घंटेचं सोड. घंटा भरलीस ती भरलीस. नंतर कान का केलास?"

"घंटेमुळं कान फिका दिसायला लागला."

"हं. कान केल्यावर तोडे फिके. तोडे केल्यावर सोंड फिकी. मग भिंत फिकी. मग लातूर फिकं," असं म्हणता म्हणता तूच हसत सुटलीस, इतकी की तव्यावरची भाकरी करपली. मी पुन्हा विचारलं, घंटा कोरी का ठेवतेस. तू हसायची थांबलीस आणि म्हणालीस, "रीत हाय, म्हनलं ना." मला हैदराबादला पोचवायला गाडीवान आला त्या सकाळी तू एवढंच बोललीस, "शिक. शिकून थांबायचं कळलं तर बरंच हाय."

ते काही कळलं नाही, आई. कॉलेजात असताना एका बाईंकडे तेलरंग शिकले. तेलरंगाला तोंड मिटणं माहीतच नाही. आज लावा, आठ दिवसांनी खरवडा, पुन्हा लावा. तो निमूटपणे सगळं घेतो. माझ्यासारखीला असा रंग म्हणजे दारुड्याच्या घरी शिंदीचं झाड. मी कॉलेजात होते तेव्हा तू गेलीस. तार पोचायला दोन दिवस लागले, मी आले तेव्हा शेजारच्या बायका घर सारवून गेल्या होत्या. तुझा एकही फोटो नव्हता. मग मी तुझं चित्र काढायला घेतलं. खोटं सांगत नाही, पहिल्या महिन्यात ते तुझ्यासारखं दिसत होतं; त्या वेळच्या रोजनिशीत तसं लिहिलेलं आहे, परवा काढून वाचलं. पुढच्या पानावर लिहिलं आहे, हनुवटी थोडी नीट करायला हवी. हनुवटी केली. मग गाल. मग कपाळ. नांदेडला आले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं, आणि दर सुट्टीत मी तुझं काहीतरी नीट करत राहिले. होता होता ती बाई माझ्यासारखी दिसायला लागली, आणि नंतर कुणासारखीच नाही. माझे यजमान वकील आहेत. तू त्यांना पाहिलं नाहीस, तुला आवडले असते. ते एकदा म्हणाले, "आमच्या कचेरीत वीस वर्षांचा दावासुद्धा कधीतरी निकाली निघतो. तुझं चित्र मात्र सदैव चौकशीवर." तुझं धरून घरात अशी अकरा चित्रं आहेत. प्रत्येकात खाली कुठेतरी एक चांगलं चित्र गाडलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. मुलींना मी वर्गात सांगते की रेघ खोडू नका, आणि घरी येऊन खोडत बसते. चाळिशी उलटली. आता वाटायला लागलं होतं की आपल्या हातून एकही चित्र पुरं न होता आपण जाणार.

अशात निलंगा. यजमानांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. लातूरपर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे बैलगाडीने. ज्या घरी आमचा जानवसा होता तिथली देवडी अंधारी. डोळे सरावल्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती दिसले. मी जवळ गेले. पायांना पाच-पाच नखं होती. गावोगावचे चितारी चार काढतात; आपल्या घरात पाच काढत, ते तूच मला शिकवलंस. पण तुझा हात नव्हता. तुझी रेघ एकदा निघाली की मागे वळत नाही, ही जागोजागी वळून स्वतःकडे पाहत होती. आणि घंटा भरलेली होती. पिवडीची, काजळीची कड, खाली लोलक, वर साखळी, साखळीला आणखी बारीक घंटा.

त्या घरची म्हातारी काठी टेकत आली. "हे व्हय? माझ्या लग्नातले," ती म्हणाली. "लातूरचा चितारी आलता, बायकोला घेऊन. पोरसवदा होती ती, रंग वाटत बसलेली. देवडीत ऊन-पाऊस न्हाई, अन् मी कुनाला चुना फिरवू देत न्हाई."

"घंटा त्यांनी तेव्हाच भरली होती? नंतर कुणी..."

"कुनी हात लावलाय? त्यानंच भरली. अगं, त्याच्यापायी तर नवरा-बायकोत जुंपली की! ती म्हनायली, पुरे करा आता, भिंत मिटली. हा म्हनायला, थोडं राहिलंय. तिनं दोनदा ब्रश वडून घेतला. हा आपला, थोडं राहिलंय, थोडं राहिलंय. दिवे लागायची येळ झाली, तरी ह्याचं थोडं राहिलेलंच!"

मी पुन्हा भिंतीकडे वळले. म्हातारीचं बोलणं पारखून घ्यायला दुसरा साक्षीदार नव्हता, पण भिंत होती. खांदा, पाठ, सोंड, घंटेचा गोल, सगळं काल काढल्यासारखं घट्ट. साखळी अर्धी उडालेली. झुलीच्या गोंड्यांचे नुसते डाग. कुठवर भिंत ऐकत होती आणि कुठून पुढे बाबा एकटेच बोलत राहिले, ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

आई, कोऱ्या घंटेची रीत नव्हतीच! लातुरातली बाबांची सगळी कामं केव्हाच चुन्याखाली गेली, त्यामुळे ताडून पाहायला कुणाकडे काही नव्हतं. ती रीत तू केलीस. बाबा गेल्यावर, पहिल्याच लग्नघरी. कुणी तुला "बाई, शेवटचा हात तुझा नको" म्हणायच्या आधी तूच शेवट त्यांच्यासाठी ठेवून दिलास आणि सांगितलंस, रीत हाय. ज्या बायका तुझ्या सावलीला बिचकत होत्या त्या अभिमानाने सांगायला लागल्या की आमच्यात पूर्वापार असंच असतं. तीस वर्षं मी त्या गोलाला तुझा अपमान समजत होते.

त्या दिवशी जानवशात बसून मी वहीत दोन रकाने आखले. एकात लिहिलं: तिला ठाऊक होतं की लोक थांबवणार, म्हणून ती आधीच थांबली. दुसऱ्यात: तिला पहिल्यापासून ठाऊक होतं की घंटा भरली की चित्र गच्च होतं, आणि आता ब्रश तिचा होता. दोन्हींखाली बराच पुरावा जमला. कुठलाही रकाना खोडता आला नाही, तसे ते आहेत. तिसरी एक गोष्ट मात्र मी रकान्याबाहेर लिहिली, कारण तिच्याबद्दल वाद नव्हता: मी बाबांवर गेले आहे. परतीच्या वाटेवर बैलगाडीत हे आठवून मला असं हसू फुटलं की यजमान घाबरले. "रडतेस की हसतेस?" म्हणाले. मी म्हटलं, "थोडं राहिलंय."

नांदेडला आल्यावर आठच दिवसांनी शाळेत मोठ्या बाईंनी विषय काढला. आमच्या मोठ्या बाई हैदराबादच्या, शिस्तीच्या, मनाने उदार. हैदराबादहून तपासणीच्या बाई येणार होत्या, नवीन ओसरीची भिंत उघडीबोडकी दिसत होती. "आप तो तस्वीरां बनाते ना? चार महीने में हो जाएगी?" मी म्हटलं, एका दिवसात होईल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काहीच पुरं न करण्याची माझी ख्याती त्यांच्याही कानावर होती. मी सांगितलं, कापडावर नाही, ओल्या चुन्यावर. "अच्छा. हाथी बनाओ, परिंदे बनाओ. आदमियां नक्को."

आदल्या रात्री झोप लागली नाही. तीस वर्षांत ओल्या चुन्याला मी हात लावला नव्हता. लावला होता तो एकदाच, आणि तोही सुकलेल्या. एका दिवसात जमलं नाही तर साऱ्या शाळेसमोर, ज्या मुलींना मी शिकवते त्यांच्यासमोर, बिघडलेली भिंत कायमची उभी राहणार होती. पहाटे गवंडीमामांनी चुना घोटून लावला आणि थापी धुता धुता म्हणाले, "बाई, ऊन चढलं की माझ्या हातात काय न्हाई. आता तुमी अन् ही."

पहिली रेघ ओढली आणि भिंतीने ती अशी ओढून घेतली की माझा हातच पुढे खेचला गेला. तू म्हणायचीस ते खरं आहे, ती पिते. ओल्या चुन्यावर ब्रशचा आवाज येत नाही हे मी विसरले होते. पाठ, पोट, पाय. एक हत्ती उभा राहिला. मुली मधल्या सुट्टीत येऊन बसल्या, घंटा झाली तरी उठेनात आणि मोठ्या बाईंनी त्यांना उठवलं नाही. दुसरा हत्ती. वर पोपट, दोन, मग तिसरा. मी विचार करत नव्हते, आई. एवढा वेळ विचार न करता मी आयुष्यात काही केलं नसेल. आणि मग, वेलीचं शेवटचं पान काढताना, ब्रशखाली बारीक खरखर ऐकू आली. वाळूत नख ओढावं तशी. रंगाचा एक थेंब भिंतीवर पडला, मुरला नाही, सरळ खाली ओघळला.

मी स्टुलावर उभी होते. खाली पाहिलं तर डाव्या हत्तीची सोंड जाड झाली होती, चांगलीच जाड, बैठकीतल्या लोडासारखी. वाटीत काजळी होती. हातात ब्रश होता. खालची कड एवढीशी आत घेतली असती की झालं.

मोठ्या बाई खालून म्हणाल्या, "बाई, इसकी सूंड मोटी हो गई ना?"

"हो गई."

"तो पतली करो ना."

"अब नहीं होती. दीवार बंद हो गई."

"बाई, घंटा राहिली की!" मुली ओरडल्या. "दोन्हींची राहिली!"

"राहू दे," मी म्हटलं, आणि ब्रश पाण्याच्या बादलीत टाकला.

तो बुडताना आवाज झाला, डुबुक. आई, तो आवाज मी तुझ्या हातचा ऐकलेला आहे. मी स्टुलावरून उतरले, दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली. लोडाच्या सोंडेसकट ते दोघे उभे होते. पुरे होते. माझ्या हातचं पहिलं पुरं झालेलं चित्र, आणि ते पुरं झालं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. गवंडीमामा म्हणाले, "बाई, रडायला काय झालं, झ्याक हायेत की!" मी रडत नव्हते. मला सगळ्या नांदेडातून हाळी देत फिरावंसं वाटत होतं. घरी गेले ते गेरूने माखलेल्या लुगड्यानेच, भर बाजारातून, आणि लोक बघत होते तर बघू दिलं. यजमानांना दारातूनच सांगितलं, "दावा निकाली निघाला." ते तसेच सदऱ्यावर शाळेत जाऊन पाहून आले. जेवताना म्हणाले, "सोंड जाड आहे." मी म्हटलं, "आहे." आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तपासणीच्या बाई आल्या, भिंतीपुढे बराच वेळ थांबल्या. "ये घंटियां खाली क्यूं हैं?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या मोठ्या बाई, ज्यांनी लातूर कधी पाहिलं नाही आणि माझ्याकडून ही रीत फक्त एकदा ऐकली होती, ठामपणे म्हणाल्या, "आपा, ये इधर की बहोत पुरानी रस्म है. सैंकडों बरस की. चितारी खाली छोडता, घर की औरतां भरतीं." तपासणीच्या बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग मुलींकडे वळून हसत विचारलं, "तो ये घर किसका है?" मागच्या ओळीतून चौथीतली एक पोर ओरडली, "आमचंच हाय!" परीक्षेच्या सकाळी पाहते तो दोन्ही घंटा शाईच्या बोटांनी निळ्या झालेल्या. बोट टेकवलं की गणित सुटतं म्हणे. तुझ्या रितीला पिल्लं झाली, आई. सरकारी वहीत मात्र ती सैंकडों बरस की म्हणून नोंदली गेली आहे. मी, जी रोजनिशीत वार चुकला तरी खाडाखोड करते, ती तिथे उभी राहून गप्प बसले. ही नोंद कधीच दुरुस्त करणार नाही.

तुझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. ते आता तसंच राहील. हे पत्र रोजनिशीत मधल्या पानांत घालून ठेवते.

एक राहिलं. काल शाळेला सुट्टी होती. मी तरी गेले. रखवालदाराला म्हटलं, पुस्तक विसरलं. पदराखाली ब्रश होता, आणि पुडीत, सुक्या भिंतीवरही धरेल अशी, डिंक घालून खललेली काजळी. सोंडेपुढे किती वेळ उभी होते ते ठाऊक नाही. पुडी न सोडता परत आले. पण ब्रश नेला होता.